आईला मिशी फुटली

तात्या,

आपल्या गावच्या देवीला मिशी फुटली आहे. चेष्टा करत नाही. यात्रा झाल्यावर एका सकाळी तिच्या अंगावरचं शेंदराचं कवच सुटून खाली आलं. कित्येक पिढ्यांनी थरावर थर चढवलेला शेंदूर एकदम गळाला आणि आतला काळा दगड उघडा पडला. त्या दगडावर वरच्या बाजूला एक आडवी रेघ आहे, दोन्ही टोकांना जराशी वर वळलेली. दगडावर असतात तशीच रेघ. पण कुणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढला, कुणीतरी म्हणालं ही मिशी आहे, आणि दुपारपर्यंत आपली आई भैरोबा झाली. मला इथे सांगलीत तो फोटो गावाकडच्या सगळ्या शहाण्यांनी पाठवला. मी चष्मा पुसून पाहिला. मिशी काही दिसली नाही, पाठवणाऱ्यांची अक्कल तेवढी दिसली.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. गुडघे गेले, दात गेले, जीभ तेवढी शाबूत आहे. ती तुमच्याकडून आली असं आई म्हणायची, आणि तुम्ही म्हणायचा की ती कॉन्व्हेंटातून आली. नुसत्या फोटोवर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तुमच्या माघारी पूजा चुलत्यांच्या मुलाकडे गेली होती, आणि तोही गेला. त्याला मूलबाळ नाही, म्हणून त्याची बायको, माझी वहिनी, देवीचं सगळं करते. पहाटे उठून आंघोळ घालायची, लुगडं नेसवायचं, चांदीचा मुखवटा बसवायचा, संध्याकाळी दिवा लावायचा. विधवा बाईनं देवीला हात लावायचा म्हणून तेव्हा गाव कुरकुरलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, बाईला बाईनंच आंघोळ घातली तर काय बिघडलं, आणि तेवढ्या एका वाक्यावर वहिनी उभी राहिली. आता देवी पुरुष निघाली म्हटल्यावर ते वाक्य पायाखालून गेलं. पंचकमिटीच्या अध्यक्षांनी तिच्याकडून गाभाऱ्याची किल्ली काढून घेतली. हे अध्यक्ष आपल्याच भावकीतले, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांचा मुलगा रिकामा आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. वहिनीनं मला फोन केला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "वन्सं, सकाळी उठून करू काय मी?"

त्या रात्री मला तुमचा राग आला, तात्या. तुमचा आणि आमच्या सिस्टरचा, दोघांचाही.

सिस्टर तुम्हाला आठवत असतील. तुम्ही पलटणीतून सुट्टीवर यायचा, ट्रंक खांद्यावर घेऊन मला साताऱ्याच्या बोर्डिंगात सोडायला यायचा आणि त्या मंगळुरी सिस्टरना खाडकन सलाम ठोकायचा. त्या दचकायच्या. साहेबांच्या मुली शिकतात तिथे आपलीही शिकेल, असं तुम्ही भावकीला सांगून टाकलं होतं. तिथे रोज सकाळी आम्ही इंग्रजीतून स्वर्गातल्या बापाची प्रार्थना म्हणायचो. एक दिवस मी वर्गात विचारलं की देव बाप आहे तर आई कुठे आहे, कारण आमच्या गावी देव आईच आहे आणि बाप कुठे आहे ते कुणी विचारत नाही. मुली हसल्या. सिस्टरनी मला व्हरांड्यात उभं केलं. जेवणाची घंटा होऊन गेली, तरी मी उभीच. मग त्या आल्या, झग्याच्या खिशातून एक संत्रं काढलं, स्वतः सोलून मला दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, देवाला शरीरच नाही, मग तो पुरुष कसा आणि स्त्री कशी? काहीतरी म्हणावं लागतं म्हणून आपण बाप म्हणतो. मी संत्रं खात विचारलं, मग हे वर्गात का नाही सांगितलं? त्यांनी चॅपेलकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "फादरच्या कानावर जायला नको."

संत्रं गोड होतं. देवाच्या बाबतीत मला मिळालेली ती पहिली खरी माहिती, आणि ती चोरीच्या मालासारखी मिळाली.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही पेन्शन घेऊन कायमचे घरी आलात आणि पूजेची पाळी घेतलीत. मी सुट्टीवर आले आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात आईला ऐकवलं की तुमची देवी म्हणजे नुसता दगड आहे. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तुम्ही ओसरीवर दाढी करत होता, तुम्ही ऐकलंत. दुसऱ्या दिवशी अंधारात मला उठवलंत, विहिरीवर आंघोळ करायला लावलीत आणि गाभाऱ्यात नेलंत. देवीला आंघोळ घालताना तुम्ही पडदा ओढायचा आणि पडद्याआड कुणीच यायचं नाही, घरच्या बायकासुद्धा नाहीत. तुम्ही मला पडद्याच्या आत घेतलंत. मुखवटा काढलात, नथ काढलीत, लुगडं सोडलंत. तुम्ही हे सगळं तिच्याकडे न बघता, नुसत्या हातांच्या सवयीनं करता हे मला तेव्हा कळलं. लुगडं सोडताना तुम्ही मान वळवली होती. मग समई जवळ आणून मला विचारलंत, "बघ नीट. काय हाय?"

मी घाबरून म्हणाले, काही नाही. शेंदराचा गोळा.

"बाई हाय का बाप्या?"

"काहीच नाही तात्या."

"व्हय," तुम्ही म्हणालात, आणि कोमट पाणी ओतायला लागलात. मी विचारलं की मग लुगडं कशाला. तुम्ही हसलात. म्हणालात, जनरल सायेब हौदावर आंगूळ करताना बघितलाय मी. कापडं उतरली की आमच्यातलाच एक. पानी भरनारा भिश्ती शेजारी हुबा केला तर कोन कुठला वळखू येत न्हवता. पन सलाम ठोकायचा तर वर्दी लागती गं. वर्दी त्येच्यासाठी नसती, आपल्यासाठी असती. आणि मग तुम्ही ते लुगडं असं नेसवलंत की निरीची एक घडी वाकडी नाही. मी तुमच्याकडे बघत राहिले. बाहेर पडताना मात्र तुम्ही माझा कान हलकेच पिळलात. "दगड म्हनालीस त्ये खोटं न्हाई. पन आईम्होरं म्हनू नगंस."

राग याचाच आहे, तात्या. तुम्ही आणि सिस्टर, एकमेकांची भाषा न येणारी दोन माणसं, आणि तुम्हा दोघांना एकच गोष्ट माहीत होती. दोघांनी ती मला मायेनं दिली, आणि दोघांनी मला गप्प राहायला सांगितलं. एकीला फादरची भीती, एकाला बायकोचं मन मोडायची. मी कुणाला दोष देऊ? पण ज्यांना माहीत होतं ते गप्प बसले, म्हणून आज ज्यांना काही माहीत नाही ते फोटोवर बोट ठेवून देव बाई का बाप्या ते ठरवतायत, आणि किल्ली मात्र वहिनीच्या कमरेची जाते.

गावी जायला विट्यावरून वडूजच्या एसटीत बसले तेव्हा डोक्यात हेच चाललं होतं. मी सगळी नोकरी सांगलीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली हे तुम्हाला माहीतच आहे. जन्मभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलले. जयसिंगपूरहून एक डॉक्टर रोज पुण्याला ट्रंक कॉल लावायचे, भरदार आवाज, मी वर्षानुवर्षं त्यांना सर म्हणत होते. एक दिवस त्या स्वतः बिल भरायला आल्या. अंबाडा, पांढरी साडी. माझा आवाज ओळखून हसल्या आणि म्हणाल्या, राहू दे, सर म्हणण्यानं माझा कॉल कधी अडला नाही. देवाबद्दल माणसाला यापेक्षा जास्त काही कळत असेल असं मला वाटत नाही. पलीकडे कुणीतरी आहे, आवाज येतो, किंवा येतो असं वाटतं, आणि बाकी आपण अंदाजानं बोलतो. अंदाज चुकला म्हणून पलीकडचं माणूस फोन ठेवत नाही. पण आपल्या अंदाजावरून दुसऱ्याची लाइन तोडायचा अधिकार कुणाला दिला?

सभामंडपात निम्मं गाव बसलं होतं. गाभाऱ्यात पाहिलं तर आईला धोतर गुंडाळलेलं, वर फेटा, आणि तोही लग्नातल्या नवरदेवाचा, मोत्यांची झालर लावलेला. वहिनी खांबाला टेकून डोक्यावर पदर घेऊन बसली होती. अध्यक्षांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, आवं आक्का, तात्यांनी लय वर्सं पूजा केली, त्येंनी तुमास्नी कायतरी सांगितलं आसंलच. देव का देवी, तेवढं सांगा, म्हंजे मिटलं.

मला माहीत होतं की एक खोटं बोलले की काम होतं. तात्या म्हणाले होते देवी आहे, एवढं म्हणायचं, किल्ली परत. वहिनी माझ्याकडे बघत होती. पण तुमचं नाव घेऊन खोटं बोलायला जीभ वळेना. मी सांगितलं की तात्यांनी मला आत नेऊन दाखवलं होतं, आणि ना बाई होती ना बाप्या. मंडपात कुजबुज झाली. अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, झालं तर मग, देवी न्हाई म्हनताय न्हवं? वहिनीनं मान खाली घातली. तिचं काम माझ्या खरेपणानं घालवलं.

मग मला तुम्ही लुगडं सोडताना मान वळवलेली आठवली, आणि मी उभी राहिले. म्हटलं, अध्यक्ष, इतक्या पिढ्या तुम्ही सगळे हिला बाई समजत होता. समजत होता ना? ते व्हय म्हणाले. "मग त्या बाईला रोज आंघोळ कोण घालत होतं? लुगडं कोण सोडत होतं, नेसवत होतं? माझा बाप, तुमचा चुलता, तुमचा आजा. सगळे बाप्येच. तेव्हा कुणाला लाज वाटली नाही. मग आता हा बाप्या निघाला असेल, तर त्याला बाईनं आंघोळ घातली की काय बिघडतं?"

मागे बसलेली एक म्हातारी खुदकन हसली, आणि तिच्या मागोमाग बायकांची अख्खी रांग. मी तरी गप्प बसावं ना, पण तुमचीच मुलगी. म्हटलं, आणि तुमच्या आईनं तुमच्यासाठी नवस बोलून ओटी भरली होती ती कुणाची, भैरोबाची? अध्यक्षांचे कान लाल झाले. ते म्हणाले, वाईहून शास्त्री बोलावू, त्ये काय म्हंत्याल ते करू. बोलवा, मी म्हटलं. वहिनी तेवढ्यात उठली. कुणाकडेही न बघता अध्यक्षांसमोर हात पसरून उभी राहिली. "लय दिस आंगूळ न्हाई त्येला. शास्त्री यील तवा यील. किल्ली द्या, भावजी." त्यांनी दिली. मला ती जाताना कुजबुजली, "वन्सं, लय बोलता बगा तुमी."

शास्त्री अजून आलेले नाहीत. आले तर काय होईल ते मला माहीत नाही. सध्या वहिनी पूजा करते, धोतर काढलं आहे, आणि लुगड्यावरून बायकांमध्येच दोन तट पडले आहेत. हे पत्र मी कुठेही टाकणार नाही, कपाटात साड्यांच्या खाली राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते, ती दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

त्या दिवशी किल्ली मिळाल्यावर वहिनीनं मला गाभाऱ्यात बोलावलं. पडदा ओढला, फेटा काढून कोपऱ्यात ठेवला, आणि कोमट पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाली, नाव घिऊन वता, वन्सं. मंडपात एवढं तोंड चालवलेली मी, तिथे मला एक शब्द सुचेना. आई म्हणावं तर मीच सगळ्यांसमोर सांगून आलेली की बाई नाही. भैरोबा तर तोंडात येईना. स्वर्गातला बाप म्हटलं तर गाभाऱ्यात इंग्रजी होईल. पाणी निवत होतं, वहिनी वाट बघत होती. मी डोळे मिटले, तांब्या कलता केला आणि तोंडातून जे आलं ते आलं. मी म्हणाले, तात्या.

वहिनीनं ऐकलं. माझ्याकडे न बघता तिनं दुसरा तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला.