मायच्या खात्यावरचं बक्षीस

माय, तुझ्या खात्यावर बँकेचं बक्षीस अजून येतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतं. तुझ्याकडं कधी फोन नव्हताच, म्हणून खात्याला नंबर माझा दिलेला, आणि मेसेज माझ्याकडं येतो. आधी तुझं नाव, पुढं जी, मग अभिनंदन. माझा पगार त्याच खात्यात पडतो, रिचार्ज-बिलं तिथूनच जातात, म्हणून बँक खूश होऊन दर महिन्याला थोडं टाकते. लातूरच्या शाखेत आपण दोघं खातं काढायला गेलो तो दिवस मला पक्का आठवतो. तू ठेवणीतलं लुगडं नेसली होतीस, जशी सोयरीक बघायला निघालीस. पहिलं नाव तुझं घातलं, दुसरं माझं. काउंटरवरची बाई म्हणाली, पैसे दोघांपैकी कुणीही काढू शकतं, न्हाईतर मागं राहिलेला. तू विचारलंस, "मागं राहिलेला म्हंजे?" बाई फॉर्म चाळायला लागली. मग तूच माझ्या पाठीत चापट मारून हसलीस, "म्हंजे ह्योच की, दुसरं कोण!"

मी सध्या राजस्थानात हाय, जोधपूरच्याही लई पुढं. इथं झाड दिसलं तर माणसं बोट करून दाखवतात. पोकलेन चालवून राहिलो. हॉटेल झालं, ट्रक झाला, हैदराबाद झालं, एका जागी बूड टेकलं न्हाई. तू म्हणायचीस, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. आता स्वतःचं मशीन घ्यायचं मनात हाय, तर कर्ज देणारा म्हणतो, आधी इन्कम टॅक्सचं रिटर्न दाखव. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला त्यातलं काय कळतंय? साइटच्या ऑफिसात हिशोबाला एक उदगीरचा पोरगा हाय, तो आम्हा ऑपरेटर लोकांची रिटर्नं भरून देतो. काल त्यानं माझ्या खात्याचा उतारा उघडला आणि मधीच थांबला.

"भाऊ, हे दर महिन्याला बँक काय देऊन राहिली?"

"बक्षीस हाय ते."

"बक्षीस बी उत्पन्नच असतंय. व्याजासारखं दाखवावं लागतंय. पण पहिलं नाव बाईमाणसाचं हाय. आई का? काय करत्यात?"

"काय न्हाई. भोकरला असती, अक्काकडं."

माय, तोंडातून निघूनच गेलं. विचार करून खोटं बोललो न्हाई. तो म्हणाला, "मग पैसा तुमचा का त्यांचा, ते तरी कळू द्या. लावा की फोन त्यांना." मी बाहेर गेलो, पाणी प्यालो, परत आत आलो आणि खरं सांगितलं. पोरगा वयानं लहान, पण शहाणा. स्क्रीनकडंच बघत बोलला, "मग सगळं तुमच्याच रिटर्नमधी येतंय. अन् बँकेला बी दाखला देऊन कळवा. त्यांचं नाव काढत्यात ते." मग माझं तोंड बघून म्हणाला, "न्हाईतर सोडा की, भाऊ. एवढ्याशाला कोण विचारतंय? चालू हाय तसं चालू द्या."

खरं म्हणजे मला तेच ऐकायचं होतं. सोडलं असतं तर तुझं नाव राहिलं असतं, महिन्यातून एकदा का होईना कुणीतरी तुला जी म्हणलं असतं. पत्र्याच्या खोलीत पडून मी तो मेसेज उघडतो, वाचतो, पुसत न्हाई. एवढीच माझी लालूच. पण मला डाळमिल आठवली. शाळा सोडून मी तिथं पोती उचलायला लागलो, त्या सुगीतली गोष्ट. तू आत डाळ निवडायचीस. सुटी झाली की बायांची गेटवर झडती, आणि गेटवरचा चाचा म्हणजे करड्या दाढीचा खवट माणूस. एका दिवशी मालकानं स्वतःच्या हातानं तुझ्या पदरात तुरीची डाळ घातली, अक्काचं पहिलं बाळंतपण होतं म्हणून. रांग पुढं सरकती हाय, आणि तू चाचानं विचारायच्या आधीच पदर उघडतेस. "हे मालकानं दिलंय. बघून घ्या." चाचा वैतागतो, "अगे, तेरेकू पूछा क्या मैं? पूरे मिल में एकच पागल है तू." मागनं बाया हसतात, "हिला मूठभर मिळालं की साऱ्या लातूरात दवंडी!" मला अशी लाज वाटली की मी तुझ्या दहा पावलं पुढं चालत घरी आलो. चुलीपुढं तू ती डाळ धुऊन राहिली होतीस आणि मी उभ्यानंच भांडलो. दिलेलंच होतं ना? मग सांगायचं कामून? तू वर बघितलंस न्हाई. "दिलेलं हाय म्हणूनच सांगायचं. चोरलेलं कुणी सांगतंय व्हय?" त्या रात्री वरण लई चांगलं झालं होतं आणि मी रुसून चटणीसंगं भाकर खाल्ली.

म्हणून त्या पोराला म्हणलो, लिही. सगळं लिही, आणि बँकेचा अर्जही भर. अर्जासाठी त्यानं तू गेल्याची तारीख विचारली. मी मला माहीत असलेली सांगितली. दाखला हवाच होता म्हणून आज जेवणाच्या सुटीत अक्काला फोन लावला. तिनं आधी मशीनचं विचारलं, तिथलं ऊन विचारलं, आणि मग म्हणाली, "दाखला धाडते. पण तारीख बघून चिडू नको रे."

"कामून?"

"आदल्या दिवसाची हाय. तू आलास त्याच्या आदल्या दुपारीच गेली रे ती. तुला फोन केला तवाच गेली होती. एवढ्या लांबून एकटा येणार, गाडीत काय करून घेतलंस तर? तुझे दाजी म्हणले, सिरीयस हाय एवढंच सांगू."

मी दारात पोचलो तेव्हा सगळे म्हणाले होते, आत्ता पहाटं गेली, तुझंच नाव घेत होती. इतकी वर्षं मी तेच धरून होतो, की रात्रभर गाडीत मी तुझ्याकडं येत होतो आणि तू माझी वाट बघत होतीस. अक्का फोनवर रडायला लागली. मी तिला म्हणलो, बरं केलंत, मी चिडलो न्हाई. उद्या त्या पोराला खरी तारीख देणार हाय. एकदा ती दिली की तुझ्या नावाचे मेसेज बंद होतील, आणि हा तुला लिहिलेला कागद टाकायला तर कुठलीच पेटी न्हाई.

अक्काला बोललो न्हाई ते तुला सांगतो. त्या दिवशी दाजी फोनवर म्हणाले होते, "सिरीयस हाय," आणि वर म्हणाले, "जेवून निघ, घाई करू नको." माणूस जितं असलं की घाई कर म्हणतात, माय. मला तिथंच कळलं होतं. तरी भोकरची गाडी धरायला मुदखेडला उतरलो तेव्हा मी मोसंब्या घेतल्या, आणि फळवाल्याला म्हणलो, बघून गोड दे, आजारी माणसाला न्यायच्या हायत.