बोटांनी सांगितलेला भाव

आये, मी सध्या आयर्लंडमध्ये आहे, पार पश्चिमेच्या किनाऱ्यावर. चौतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झालेय. सात वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पोरांचं 'हाय-न्हाय' लाल शाईने खोडलं, आणि आता भाषा कशी शिकवावी ते शिकायला इथं आलेय. इथली आयरिशही शिकावी लागते, म्हणून दोन महिने अशा गावात राहायचं जिथं माणसं अजून ती घरात बोलतात. मी जिच्याकडे उतरलेय ती म्हातारी एकटीच असते. तिच्या घरात इंग्रजीला बंदी. उठल्यापासून निजेपर्यंत आयरिश बोला, नाहीतर गप्प बसा. मी गप्प बसते.

काय सांगू तुला, पहिले दहा दिवस माझ्याकडे पाचच शब्द होते. चहा, पाऊस, थंडी, पुरे, आभार. सकाळी सायकलने वर्गात जायचं, दुपारी ओल्या मोज्यांनी परत यायचं आणि तिच्यासोबत बटाटे सोलायला बसायचं. ती घडाघडा बोलते, मी मान डोलावते. मला कळलं नाही, तर ती आवाज चढवते, मग हातवारे करते. एकदा तिने माझ्या गालाला हात लावला आणि तोंड मोठं उघडून, एकेक शब्द तोडून विचारलं, भूक लागली का? असा राग आला मला! मी काय मुकी आहे? मनात हे म्हटलं मात्र, आणि तू समोर उभी राहिलीस. सोललेला बटाटा हातातच राहिला.

पाचवीत मला अलिबागच्या शाळेत घातलंस. पहिल्या पालकसभेला तू मासळीबाजार आटोपून, अंग घासून, नवं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून आलीस. मी तुला फाटकातच अडवलं. म्हटलं, "आत एक शब्द बोलायचा नाही. तुझं बोलणं ऐकून सगळे हसतील." तू पदर सारखा केलास. "बरं बाय, न्हाय बोलत," म्हणालीस. आत बाईंनी काही विचारलं, तेव्हा तू हसून माझ्याकडे बोट दाखवलंस. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आईंना बोलता येत नाही का गं?" मी म्हटलं, नाही येत. दहा वर्षांची होते, पण काय करतेय ते मला चांगलं कळत होतं.

मला वाटलं, एका दिवसाचं नाटक. पण पुढच्याच महिन्यात बाई नेमक्या तुझ्या पाटीपुढे बोंबील घ्यायला उभ्या. बाजारात तुझ्या शेजारी बसणारी मावशी त्या संध्याकाळी घरी येऊन सांगत होती, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "अगो बाय, हिचं तोंड कवा बंद असतं का? नि तुझी बाई दिसली तशी गपगार! बोटांनी भाव सांगते!" बाईंना दया आली म्हणे, घासाघीस न करताच घेऊन गेल्या. "तेवढाच फायदा," तू कालवण ढवळता ढवळता म्हणालीस. तिघी हसलो. मीही हसले, आये. लाज वाटते त्याची.

मग ती सवयच पडली. शाळेतलं, बँकेतलं, कुणीही शिकलेलं माणूस समोर आलं की तू माझ्याकडे बघायचीस आणि बोलायचे मी. अकरावीत होते तेव्हाची ती सकाळ. बोंबील दोरीवर घालता घालता तू वाळूतच बसलीस. "छातीन भरल्यावानी व्हतंय," म्हणालीस. दवाखान्यात डॉक्टर तुला विचारतात, नेमकं काय होतंय? तू तोंड उघडतेस, माझ्याकडे बघतेस आणि मिटतेस. मी सांगते, अगदी शुद्ध मराठीत, "पित्ताचा त्रास आहे तिला. काल उपास होता." मला क्लासला उशीर होत होता. छाती हा शब्द मी काढलाच नाही. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्यांना मी जे सांगितलं त्यावरच्या. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, मावशीलाही नाही.

आज तोंडी परीक्षा होती. आता बऱ्यापैकी बोलता येतं मला, म्हातारीशी मिठावरून वाद घालते. घरच्यांविषयी विचारतात म्हणून आठवडाभर तुझ्यावरची वाक्यं घोकली होती, तिच्याकडून तपासून घेतली होती. माझी आई मासे विकायची. तिचा आवाज सगळ्या बाजारात ऐकू जायचा. पहिलं वाक्य नीट म्हटलं. तेवढ्यात परीक्षक बाईंनी विचारलं, आई घरी कुठली भाषा बोलायची? कौतुकाने विचारत होत्या गं. म्हणाल्या, तिच्या भाषेत एखादं वाक्य ऐकव ना. मी तोंड उघडलं. तुझ्या बोलीतलं एकच वाक्य वर आलं, ते छातीचं. मी तोंड मिटलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, आणि तुला वाचता तरी कुठं येत होतं. पण लपवत नाही. त्या परीक्षक बाईंना मी आयरिशमध्ये सांगितलं की माझी आई मुकी होती. वाक्यात एकही चूक निघाली नाही.