फाटकाचा चौकोन

१० नोव्हेंबर २०२५, चिचगड

पोचले एकदाची. देवरीहून काळीपिवळीत पुढची सीट मिळाली, त्यामुळे रस्ताभर धानाची कापणी बघत आले. घर गावाच्या टोकाला आहे, शेताला लागून. सिमेंटचं, नवंच म्हणायचं. समोर अंगण, अंगणात पपई आणि बोअर, भोवती काचा लावलेलं उंच कंपाउंड आणि एकच लोखंडी फाटक. शामकलाकाकू ओसरीतच उभ्या होत्या. फाटकापर्यंत काही आल्या नाहीत, मीच कडी काढून आत शिरले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग भात आणि लाखोरीचं वरण वाढलं, आणि मी पोटभर जेवते की नाही हे बघत समोर बसून राहिल्या.

काम सोपं आहे. काकूंचं बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या, सोबत राहायचं. त्यांचे यजमान शालीकरामकाका उन्हाळ्यात वारले. मुलगा खेमराजभाऊ रायपूरला धानाचा व्यापार करतो. गोंदियात मी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसायचे, ते दुकान बंद पडलं म्हणून हे काम धरलं. भाऊंना हे कळल्यावर ते खूश झाले. घरातला जुना टीव्ही नीट लावून दे म्हणाले, आईला सिरियली बघता येतील.

टीव्ही मागच्या खोलीत, काकांच्या पलंगासमोर आहे. प्लाझ्मा. असे आता कोणाकडे राहिलेले नाहीत. उद्या बघते. इथे मन लागेल असं वाटतंय.

११ नोव्हेंबर

सकाळपासून टीव्हीच्याच मागे होते. त्यावर आजवर फक्त कॅमेऱ्यांचं चित्र चालायचं. चार चौकोन: वर फाटक आणि अंगण, खाली स्वयंपाकघर आणि ही खोली. काका अर्धांगाने पलंगावर पडले तेव्हा त्यांनीच कॅमेरे बसवून घेतले होते, म्हणजे पडल्या पडल्या सगळं घर दिसावं.

एकच चित्र वर्षानुवर्षं ठेवलं की असा पडदा जळतो. सेटटॉप बॉक्स जोडला, बातम्या लावल्या, तर बातम्या देणाऱ्या मुलीच्या तोंडावरून फाटकाच्या सळया गेलेल्या. खालच्या कोपऱ्यात पलंग, आणि त्यावर आडवा पडलेला माणूस. राखाडी, पुसट, पण नाक ओळखू येतं.

घाबरण्यासारखं काही नाही, दुकानात असे कितीतरी पडदे बघितलेत. कॉन्ट्रास्ट पूर्ण चढवलेला होता, तो निम्म्यावर आणला. चित्राच्या कडेला काळ्या पट्ट्या राहत होत्या, त्या काढून चित्र पडदाभर केलं. दुपारभर नुसता पांढरा पडदा चालू ठेवला, त्याने डाग फिके होतात. शेवटी मेनूत शोधून पिक्सल शिफ्ट चालू केलं. त्याने चित्र सतत किंचित सरकत राहतं, एका जागी बसत नाही. हे आधीच चालू असतं तर पडदा वाचला असता.

काकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "राहू दे ना तो डाग. डाग हाये तोवर ते तिथंच हायेत." मी हसून सांगितलं की हा नुसता उजेडाचा डाग आहे, काका नाहीत.

१३ नोव्हेंबर

सळया बऱ्याच फिक्या झाल्या. दुपारी काकूंसोबत सिरियल बघितली. त्या थोड्या मोकळ्या झाल्या आज. सांगत होत्या, त्या फाटकाकडे निघाल्या की काका पलंगावरून ओरडायचे. भाजीवालीशी बोलायला थांबल्या तरी ओरडायचे. बोदलकशाला माहेर आहे, तिथे भावाच्या मुलीच्या लग्नालाही जाऊ दिलं नाही. आता ओरडणारं कोणी नाही, तरी पाय पपईपाशी थांबतात म्हणे. मी म्हटलं, रविवारी आपण दोघी बोदलकशाला जाऊ.

मग कॅमेऱ्यांचं चित्र लावून पडदा तपासला. पलंगाचा चौकोन स्वच्छ आहे! माणूस गेला. मला फार बरं वाटलं. फक्त स्वयंपाकघराच्या चौकोनात, गॅसच्या ओट्याशी एक उभा डाग दिसला. आधी लक्षात आला नसेल.

१४ नोव्हेंबर

डाग सरकत नाही. पिक्सल शिफ्टने सरकतं ते चित्र, तेही केसभर. जळलेली जागा जिथली तिथेच राहते. गिऱ्हाइकांना मी हेच समजावून सांगायचे.

आज स्वयंपाकघर स्वच्छ आहे. डाग अंगणाच्या चौकोनात आहे, पपईजवळ. एक खांदा खाली पडलेला. काकांची तीच बाजू गेली होती, असं काकू म्हणाल्या.

अंगणात जाऊन बघून आले. ऊन, पपई, बोअरचा पाइप, बाकी काही नाही. परत येऊन पडद्याकडे बघितलं तर तो दोन पावलं पुढे होता.

खेमराजभाऊंना फोन केला. ते हसले. जुना टीव्ही आहे, तुम्हालाच जास्त कळतं म्हणाले.

काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पडून होते तिथं पडू द्याचं होतं. तू त्यायले सरकाले शिकवलं, पोरी."

१५ नोव्हेंबर

पिक्सल शिफ्ट बंद केलं. तो थांबला. सकाळपासून हललेला नाही.

पण थांबला तो फाटकाच्या चौकोनात. फाटकाला पाठ लावून, तोंड घराकडे.

बॅग भरली, काकूंना म्हटलं चला. त्या पपईपर्यंत आल्या. मी फाटकाची कडी काढली, कडी निघाली. फाटक उघडेना. दोन्ही हातांनी ओढलं. लोखंड उन्हातही गार होतं.

तेवढ्यात दूधवाला मुन्ना आला. हा नवीन आहे, याच महिन्यापासून येतो. मी त्याला बाहेरून लोट म्हटलं. तो गाडीवरून उतरलाच नाही.

"आजोबायले बाजूला सरका म्हना ना, बाई," तो म्हणाला, "फाटकाले टेकून उभे हायेत, मी कसा लोटू?"

कोण आजोबा म्हणून मी विचारलं. त्याने माझ्या अगदी शेजारी बोट दाखवलं. मग माझा चेहरा बघून त्याने दुधाची पिशवी सळईला अडकवली आणि निघून गेला.

१६ नोव्हेंबर

टीव्हीची पिन काढून बघितली. पडदा काळा झाला आणि घरात चप्पल घासत चालल्याचा आवाज सुरू झाला. आधी ओसरीत. मग स्वयंपाकघरात. तो कुठे आहे तेच कळेना. काकूंनी माझा हात गच्च धरला होता. पिन परत लावली. तो फाटकात उभा.

म्हणजे टीव्ही बंद करता येत नाही.

भिंतीवर काचा आहेत, आणि काकूंना चढवणार कशी? त्यांना सोडून जाणार नाही. खिडक्यांना गज आहेत. भाऊंचा फोन लागला नाही. हाका मारल्या. सगळे कापणीला, शेतात मळणीचं यंत्र धडधडतंय. कोणाला ऐकू जाणार.

काकू स्वयंपाक करतायत. रोजच्यासारखा. म्हणाल्या, सवय होते.

मला सवय नको आहे.

१७ नोव्हेंबर

खेमराजभाऊंचा फोन. मुन्नाने गावात काहीतरी सांगितलं, ते त्यांच्यापर्यंत गेलं. गाडी घेऊन निघालेत. मला हायसं वाटलं, काकूंचा मात्र चेहरा उतरला.

"खेमराजले आत घेतील ते," म्हणाल्या. "घ्यायले घेतील. मंग जाऊ देनार नाई."

परत फोन लावला. लागत नाही, जंगलाच्या रस्त्याला लागले असतील.

ते पोचायच्या आत निघायला हवं. मी ठरवलं आहे. पिक्सल शिफ्ट चालू करायचं. तो फाटक सोडून, आला तसाच परत जाईल, अंगणातून स्वयंपाकघरात. तिथे गेला की बंद करायचं. तो तिथेच राहील. मग या खोलीतून ओसरी, ओसरीतून सरळ फाटक.

एकीला पडद्यासमोर बसावं लागेल. काकू म्हणाल्या, मी बसते, तू जा. पण मेनू इंग्रजीत आहे, त्यांना वाचता येत नाही. मीच बसते. काकूंना ओसरीच्या पायरीवर उभं केलंय, अंगणाच्या चौकोनात दिसतायत. हाक मारली की निघायचं, मागे वळायचं नाही.

वही मांडीवर, रिमोट डाव्या हातात. लिहीत राहिलं की भीती थोडी कमी.

चालू केलं.

फाटकातून सुटला. अंगणात आला. ओसरीच्या बाजूने — काकूंना लागूनच — काकूंनी मान खाली घातली. हलल्या नाहीत.

स्वयंपाकघर.

हाक मारली. काकू निघाल्या. पपईपाशी थांबल्या. जा ना काकू — जा —

गेल्या. फाटक उघडलं. सताड. काकू बाहेर रस्त्यावर. डोक्यावरचा पदर पडला तरी सावरत नाहीत. वळून मला हाताने बोलावतायत. हसतायत. त्यांना हसताना मी आजच —

बघत राहिले. तेवढंच बघत राहिले, बंद करायचं राहून गेलं.

स्वयंपाकघर रिकामं.

अंगण रिकामं. फाटक उघडं, काकू बोलावतायत.

चौथा चौकोन. पलंग. मी. माझ्यामागे दार, आणि दारात —

अंगठा शिफ्ट बंद करायच्या बटणावर आहे. दाबलं तर तो दारातच थांबेल, आणि मी आत, त्याच्या पलंगाशी, कायमची. नाही दाबलं तर तो