अंगणातला फौजदार

चौक,
२३ मार्च २०२५

ती. अक्कास,
छायाचा वाकून नमस्कार. वि. वि.

फोनवर मी ओरडून दमते आणि मी विचारते एक, तू सांगतेस भलतंच. कानाचं यंत्र पेटीत ठेवून कान बरे होत नसतात. म्हणून ही चिठ्ठी. विपुल मोहोपाड्याला कामावर जाताना आमच्या दारावरूनच जातो, तेव्हा तुझा लेक आता आपला टपालवाला.

तू दिलेल्या गिनी कोंबड्यांच्या जोडीची आता मोठी टोळी झालीय. दिसायला देखण्या, राखाडी अंगावर पांढरे ठिपके, पण शिमग्यापासून अंगणात नुसती मारामारी आहे. एक दांडगा नर आहे, त्याला ह्यांनी कौतुकानं फौजदार नाव ठेवलंय. तो बाकीच्यांना पाण्याला येऊ देत नाही, घराभोवती पळवून पळवून पिसं उपटतो. माझ्या गावठी कोंबड्या दिवसभर पडवीतल्या लाकडांमागे दडून असतात. चांदणी नावाची एक फिकट मादी आहे, तिचं डोकं त्यानं रक्तबंबाळ केलं. मी तिला हळद लावून चांगली बरी होईपर्यंत टोपलीखाली ठेवली. काल सोडली, तर फौजदारच काय, सगळी टोळीच तिच्यावर तुटून पडली.

एवढ्यावर थांबलं असतं तर तुला लिहिलं नसतं. शेजारचे दशरथ भावजी, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, त्यांच्या नि आमच्या अंगणात फक्त तारेचं कुंपण. फौजदार त्यावरून उडून गेला आणि त्यांच्या कोंबड्याला बदडून आला. भावजी कुंपणाशी येऊन म्हणाले की पुन्हा इकडं आला तर माघारी जायचा नाय. ह्यांनी उत्तर दिलं की माझ्या पाखराला हात लावून तर बघ. गेल्या पावसाळ्यात ह्या गिनींनी कलकलाट केला म्हणून न्हाणीच्या दारातली घोणस ह्यांना दिसली. तेव्हापासून त्यांच्याविरुद्ध शब्द ऐकून घेत नाहीत.

गोदा जाऊबाई माझ्याशी अजून बोलते, पण दबक्या आवाजात. काय करू ते लवकर कळव. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
छाया


कर्जत,
२५ मार्च २०२५

चि. छायास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

यंत्र घातलंय. त्यात विपुलच्या बापाचं घोरणं तेवढं स्वच्छ ऐकू येतं.

तू चुकीचं पाखरू टोपलीखाली घातलंस गं. मार खाणारी बाहेर काढली की टोळी तिला विसरते आणि ती परत आली की परकी ठरते. काढायचा तो मारणारा. फौजदाराला जाळीआड एकटा ठेव, बाकीच्यांना दिसेल पण पोचता येणार नाही असा. मग त्याच्यावाचून टोळीची घडी बसते आणि परत आल्यावर त्याचा तोरा चालत नाही. पाणी-दाणा एका जागी नको, लांब लांब तीन ठिकाणी ठेव. अंगणात फांद्यांचे आडोसे कर, म्हणजे पळणारीला नजरेआड होता येईल.

आणि नर किती आहेत ते आधी बघ. मादी दोन तुकड्यांत ओरडते, नर एकसुरी कटकट करतो. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरे, जास्तीचे वाटून टाक. तिन्हीसांजेला धर, दोन्ही पंखांवरून धर. पायाला धरलंस तर पाय मोडेल.

हिरामणराव आणि दशरथराव यांना कुठल्या टोपलीखाली घालायचं, ते मात्र मला ठाऊक नाही. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेत म्हणे. जपून राहा. तुझ्या वाटणीची कैरी पाठवलीय, ती आणि माझा जीव दोन्ही तुझ्याकडेच.

तुझी,
अक्का


चौक,
२७ मार्च २०२५

ती. अक्कास,
नमस्कार. वि. वि.

तुझं सांगणं ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, फौजदार कोंडला तर राखण कोण करणार? मी एकटीनं धरायचं ठरवलं, पण तिन्हीसांज व्हायच्या आतच घात झाला.

गोदाची नात ऋतिका, चार वर्षांची, कुंपणाच्या फटीतून आमच्या बाजूला आली. गवतात गिनीची अंडी दिसली म्हणून वाकली. फौजदारानं तिच्या पाठीवर झेप घेतली. पोर वळली तशी नखं भुवईवर बसली. अक्का, डोळा वाचला, पण तेव्हा रक्तात काही कळत नव्हतं. गोदाची किंकाळी अजून कानात आहे.

भावजी कोयता घेऊन कुंपण ओलांडून आले. हे फावड्याचा दांडा घेऊन खुराड्यापुढे उभे राहिले. साठीला टेकलेले दोघे भाऊ! भावजी म्हणत होते, एक पण पाखरू जितं ठेवणार नाय. आणि हे काय म्हणाले ठाऊक आहे? पोरगी अंड्यांजवळ गेली, पाखरू घर राखणारच. मला ऐकवेना. त्या दोघांना तसंच सोडून मी गोदाबरोबर रिक्षात बसले. डॉक्टर टाके घालत होते तेव्हा ऋतिकाचे पाय मी धरले होते. गोदा माझ्याकडे बघत नव्हती.

परत आले तर भावजींना लोकांनी आवरून घरी नेलेलं. ह्यांनी मात्र सगळ्या गिनी एकजात पंपाच्या खोलीत कोंडल्यात. कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधलीय. म्हणतात, दशरथ आता काय करतो बघू. खोली ती केवढीशी, वर एक झरोका. आतून पंख आपटल्याचा आवाज येतोय. फौजदाराला तरी वेगळा काढा म्हणून विनवलं, तर ते कूस बदलून झोपले.

मला भीती वाटते, पण नक्की कशाची ते सांगता येत नाही. तू मनानं जवळ राहा.

तुझी,
छाया


कर्जत,
२८ मार्च २०२५

चि. छायास आशीर्वाद.

रात्रपाळीहून येताना विपुलनं तुझी चिठ्ठी आणली; आज त्याची सुट्टी, तरी चहासुद्धा न घेऊ देता त्याला पाठवतेय. वाचल्याबरोबर खोली उघड. पळायला जागा नसली की गिनी मार खाणाऱ्याला सोडत नाही. हिरामणरावांना सांग, कुलूप बाहेरच्यासाठी लावलंत, वैरी आत आहे. किल्ली देत नसले तर कोयंडा तोड. पुढचं पुढे. मी आहे.

अक्का


चौक,
६ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
छायाचा मनापासून नमस्कार. वि. वि.

फौजदार पोत्यात बांधून तुझ्याकडे आला, त्यावरून थोडं कळलंच असेल. इतके दिवस विपुलला रिकाम्या हातानं पाठवलं, कारण लिहायला घेतलेला कागद दर वेळी चुलीत जायचा.

तुझी चिठ्ठी आली त्याच्या जरा आधी ह्यांनी दार उघडलं होतं. तीन माद्या मरून पडल्या होत्या, त्यात चांदणी. हे तिथूनच ओरडत निघाले की दशरथानं झरोक्यातून विष टाकलं. आळी गोळा झाली. ह्यांनी चपला घातल्या, चौकीवर तक्रार द्यायला निघाले. भावजी दारात आले, चेहरा पांढराफटक पडलेला. ऋतिकाच्या डोक्याची शपथ घेऊन म्हणाले की मी त्या खोलीकडं फिरकलो पण नाय. कोणी विश्वास ठेवला नाही. आदल्या दिवशी त्यांच्या हातातला कोयता सगळ्यांनी पाहिला होता.

मी खोलीत गेले. भिंतीला पिसं चिकटलेली. चांदणीला उचललं तर डोक्यापासून मानेपर्यंत कातडी सोललेली. फौजदार कोपऱ्यात उभा, चोच आणि नखं लाल. मी तिला तशीच दोन्ही हातांवर घेऊन अंगणात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की विषानं कातडी सुटत नाही. हे आतल्यानंच केलंय, आणि कुलूप आमचं होतं.

लग्नाला चौतीस वर्षं झाली, ह्यांना चारचौघांत कधी खोटं पाडलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुंपणापलीकडची आहे. मग चपला काढल्या आणि पंपाच्या खोलीत जाऊन बसले. लोक पांगले. विपुल तुझी चिठ्ठी हातात धरून उभाच होता. बऱ्याच वेळानं हे बाहेर आले, फौजदाराला स्वतः धरलं, पंखांवरून, आणि विपुलच्या गाडीला बांधून दिलं.

त्यानंतर घरात शब्द नाही. मी ताट वाढायचे, हे जेवून उठायचे. जास्तीचे नर मी वाटून टाकले, तीन जागी पाणी ठेवलं, आंब्याच्या फांद्या उभ्या केल्या. टोळी आता एकत्र चरते. गावठी कोंबड्या पडवीतून बाहेर आल्यात. भावजी अजून आमच्या बाजूला बघत नाहीत, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

काल ऋतिकाचे टाके काढायचे होते. भावजी खालापूरला गेलेले, मुलगा ड्युटीवर. हे सकाळीच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, स्कूटर घेऊन गोदाच्या दारात जाऊन उभे राहिले. गोदानं कुंपणावरून माझ्याकडे पाहिलं. शेवटी तिनं पोरीला उचलून पुढे उभं केलं आणि स्वतः मागे बसली.

ते येईपर्यंत मी तांदूळ निवडत होते, तेच ते पुन्हा पुन्हा.

स्कूटर थांबली तशी ऋतिका उतरून थेट माझ्याकडे पळत आली. भुवईवर बारीक गुलाबी रेघ राहिलीय. तिनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं की टाके काढताना ती मुळीच रडली नाही, हिरामण आजोबाच रडले.

हे मागेच उभे होते. नाही म्हणाले नाहीत. खाली मान घालून माझ्याकडे चहा मागितला, आणि एक कप गोदालाही ठेव म्हणाले.

तिकडे सगळ्यांना आठवण सांग. माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझीच,
छाया