लिलावाचे पाणी

दौंड, मंगळवार

सौ. सगुणा हिस आशीर्वाद.

माझी प्रकृती ठणठणीत आहे. सूनबाई हर्षदा वेळेवर गरम भाकरी वाढते. तू गुडघ्याला तेल लावतेस ना? विहिरीला पाणी आहे ना?

येथे नळ आटले असून साऱ्या इमारतीस एकच टँकर येतो. आपल्या संपतने, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने, त्या पाण्याचा लिलाव मांडला. एकाने चढी बोली लावून त्यातले पाणी गाडी धुण्यास नेले. वरच्या मजल्यावरील बाळंतिणीस थेंब मिळाला नाही.

संपत म्हणाला, "आबा, ज्याला गरज जास्त, तोच जास्त पैसे मोजतो. शास्त्र आहे हे."

मी म्हणालो, "मंग बाळंतिणीनं काय तुझं पुस्तक पिळून प्यावं?"

तो हसला. सगुणा, आपण व्यालेली मेंढी आधी पाजत होतो. हा त्याच कळपामागे वाढला. मला शिसारी आली.

माझ्या अंघोळीची बादली मी वर पोचती केली. ती पोर माझ्या पाया पडली. बादलीभर पाण्यासाठी तिला वाकावे लागले, याची मला अधिक किळस वाटली.

रविवारी मी निमोण्यास परततो. लेकास तूच समजाव. त्याच्या घरचे पाणी आता माझ्या घशाखाली उतरत नाही.

काळजी नसावी, एवढेच मागणे.

म्हस्कू