नऊपर्यंतचं मौन

३ जाने., शनि.
मौनाचा तिसरा दिवस. उठल्यापासून नऊपर्यंत तोंड उघडायचं नाही. मनात कुणाची खोट आली की राम म्हणायचं. हे वामनचं औषध. अंबडला एकाच कंपनीत होतो, आता तो पूर्ण भजनात. विचारलं, घरी सांगू का? म्हणे, साधनेचा गाजावाजा करू नकोस. नाही केला.
नीलेश दिवाळीत म्हणाला होता, "बाबा, तुम्ही रिटायर झालात, पण घरात इन्स्पेक्शन चालूच आहे." बरोबर बोलला पोरगा. नापास मालावर लाल खडूने फुली मारायचो, तीच आता सुनेच्या प्रत्येक कामावर. तेव्हापासून दोघं ओझरला फ्लॅट बघताहेत. सांगतात की नीलेशचा कारखाना जवळ पडेल. खरं कारण मी. ही गेल्यावर घर कसं झालं होतं ते मी बघितलंय. पुन्हा तसं नको.

६ जाने., मंगळ.
पोळीला काळा डाग. राम. डब्याचं झाकण अर्धवट. राम. गॅस उगाच मोठा. राम. नळ टपकतोय, कुणाला पडलेलं नाही. राम राम. आज देवाला ओव्हरटाइम लागला.
संध्याकाळी भजनात वामनला म्हटलं, तोंड बंद आहे पण आत फुल्या चालूच. म्हणाला, "दिसणारच रे, जन्मभर तेच केलंस. दिसू दे. पण त्याच्या शेजारी चांगलं काय आहे तेही बघ, मग नाव घे."
सांगायला याचं काय जातंय.

१० जाने., शनि.
थंडी मरणाची. स्वेटरवर शाल.
सका. मेथी. पल्लवीचं माहेर देवळ्याचं, तिकडे तिखट म्हणजे तिखट. आज बसल्या बसल्या बघितलं, ठेचा घालायच्या आधी ती माझ्यापुरती भाजी वेगळी काढते. रोज काढत असणार. आणि मी इतके दिवस "सपक झालीय" म्हणून नाक मुरडत जेवतोय. फार वाईट वाटलं. सांगावंसं वाटलं, पण नऊ वाजायचे होते आणि ती साडेआठलाच लॅबला निघते. संध्याकाळी ती येते तेव्हा मी भजनाला, परततो तोवर दोघं जेवून आपल्या खोलीत. राहिलंच.
घर हल्ली शांत आहे. पल्लवीही कमी बोलते. साधनेचा गुण घरभर पसरतो म्हणतात, तसंच असावं.

१४ जाने., बुध. संक्रांत.
काय करून बसलो.
सका. माळ घेऊन बसलेलो. पल्लवी काळी साडी नेसून आली, पाया पडली, हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या बाबा, गोड बोला." मी हात जोडले, वडी तोंडात टाकली. हसलो पण, निदान मला तसं वाटलं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली. मी परत राम राम.
सण म्हणून रात्री एकत्र जेवलो. ती उठून गेल्यावर नीलेश म्हणाला, "बाबा, तिचं काय चुकलं ते तरी सांगा. पंधरा दिवस झाले, अबोला धरलाय तुम्ही. आज सणाच्या दिवशी गोड बोला म्हणाली तरी शब्द नाही. ती म्हणते, ओरडायचे ते परवडलं. रविवारी ओझरचं पक्कं करतोय."
अबोला! मी साधना करत होतो आणि घर समजत होतं अबोला. ज्या गोष्टीसाठी केलं तीच
पुढे लिहवत नाही.

१५ जाने., गुरु.
वामन आधी हसला, मग कपाळाला हात. "गाजावाजा नको म्हणालो होतो रे. सुनेला सांगणं म्हणजे काय गाजावाजा?"
भजन बुडवलं. पल्लवी आली तेव्हा चहा टाकून ठेवला होता. सगळं सांगितलं. ती कप हातात धरून ऐकत राहिली.
"मग आधी सांगायचं नाय का बाबा? मी रोज मीठ चाखून चाखून वेडी झाले. आईला फोन करून रडले."
मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. मग तीच म्हणाली, "गप्प बसता तेव्हा मनात काय चालतं तुमच्या?"
म्हटलं, "पोळी करपली."
"आन मग?"
"मग राम."
"आन मग?"
"मग बघतो चांगलं काय आहे ते. माझी भाजी तू वेगळी काढतेस."
ती हसेल असं वाटलं होतं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझ्याही. म्हणाली, "हे मोठ्यानं म्हणत जा. देव काय नाय म्हणणार?"

१८ जाने., रवि.
ओझर. तिघंही गेलो. मी येतो म्हटल्यावर नीलेशचा चेहरा पडला, पण पल्लवी म्हणाली, येऊ द्या.
दारातून आत पाऊल टाकलं आणि मनातला खडू वळवळला. चौकट तिरकी. फरशी पोकळ वाजतेय. बाथरूमच्या भिंतीला ओल. सगळं बोललो असतो तर फ्लॅट तिथेच नापास, आणि दोघं माझ्याजवळ. हेही मनात आलं, खोटं कशाला लिहू. राम म्हटलं. पुन्हा म्हटलं. पल्लवी खिडकीशी उभी होती, तोंडावर ऊन.
नीलेशने विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"
म्हटलं, "खिडकी फार छान आहे. बाथरूमची ओल तेवढी पावसाच्या आत दुरुस्त करून घ्या." बाकीचं गिळलं. चौकट तिरकी असली तरी दार लागतंय.
पल्लवीने वळून माझ्याकडे बघितलं. खाली आल्यावर मालकाला म्हणाली, आठ दिवसांत कळवतो. नीलेश बघतच राहिला. मीही.

२४ जाने., शनि.
ओझरचं अजून ठरलेलं नाही. मी विचारत नाही. विचारायची हुक्की येते, तिलाही राम लावतो. जायचं तर जावोत. इथून बस आहे.
सका. माळ घेऊन बसलो तर पल्लवी चहा घेऊन आली आणि समोर पाटावर बसली. डोळे मिटले. लॅबला सुट्टी होती. चहावर साय धरली, मनात आलं, पण चांगलं बघण्यासारखं समोरच बसलेलं होतं.
नीलेश डोळे चोळत बाहेर आला. माझ्याकडे बघ, तिच्याकडे बघ. घाबरून म्हणाला, "आता काय दोघांचा अबोला?"
आधी पल्लवीला हसू फुटलं, मग मला. नऊ वाजले नव्हते.