कापसावरची झोप

वरवट बकाल,
१९ नोव्हेंबर २०२३

ती. जयूताईस, धाकट्या कोकिळेचा शि. सा. न. वि. वि. (गुडघ्यांमुळे साष्टांग फक्त कागदावरच.)

फोन हाताशी आहे, तरी पत्र लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. होस्टेलची सवय, दुसरं काय! आमच्या लेकाने, गोविंदाने, यंदा कापूस विकला नाही, भावाची वाट बघतोय. मधल्या खोलीत कमरेएवढा ढीग लागलाय. थंडी पडली तसं मी छकुलीचं अंथरूण त्या कापसावरच घातलं. गादीहून मऊ! बाकी नातवंडांना मी वर चढूसुद्धा देत नाही.

पण पोरगी फार खोकते गं. रात्री आणि पहाटे जास्त. छातीत बारीक शिट्टी वाजते. धावली की गुडघ्यांवर हात टेकून उभी राहते. ताप नाही, सर्दी नाही. अडुळशाचा काढा झाला, मध-आलं झालं. शाळेच्या खो-खो संघात तिचं नाव आलंय, जानेवारीत संग्रामपूरला सामने आहेत. सूनबाई सुवर्णा म्हणते, नाव काढून टाकू. छकुली जेवणावर रुसली आहे. मलाच विचारते की आजी, तुम्ही मले काऊन बसवता? काय सांगू तिला?

लोभ आहेच, या वेळी सल्लाही पाठव.
तुझी, कोकिळा

बुलढाणा,
२५ नोव्हेंबर

चि. कोकिळेस, अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

इतके दिवस काढा पाजत बसलीस? आपल्या होस्टेलच्या वृद्ध सिस्टर आठवतात? रात्र रात्र खिडकीशी खुर्चीत ताठ बसायच्या. आपण मुली कुजबुजायचो की सिस्टर प्रार्थना करताहेत. तुझं पत्र वाचलं आणि एकदम उमगलं, त्यांना आडवं पडून श्वासच घेता येत नसणार. किती वेड्या होतो आपण! सर्दी-पडसं येतं तसं जातं. रात्री येणारी आणि धावल्यावर वाजणारी शिट्टी वेगळी. तिला शेगावच्या मुलांच्या डॉक्टरांकडे ने, आणि संघातून नाव इतक्यात काढू नका.

कापसाच्या अंथरुणाचा मात्र हेवा वाटला. थोरल्या बहिणीला कधी विचारलं नाहीस!

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, जयूताई

वरवट बकाल,
३ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न., आज जरा ओल्या डोळ्यांनी.

दमाच निघाला. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, छाती तपासली, मग ती झोपते कुठे विचारलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, कापसावर, घरातल्या सगळ्यात मऊ जागी. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या कापसाच्या धुळीनेच तिचा श्वास कोंडत होता, ताई! लाडाने मीच रोज तिला तिथे निजवत होते. आणि तू हेवा करत होतीस!

गोविंदाने त्याच दिवशी कापूस टिनाच्या शेडमध्ये हलवला. दोन पंप दिलेत. एक रोजचा, बरं वाटलं तरी घ्यायचा आणि मागून चूळ भरायची. दुसरा दम लागला तर. त्यानेही दम उतरला नाही तर थेट दवाखाना. प्लॅस्टिकच्या फुगीर नळीतून ओढायचा असतो. डॉक्टर म्हणाले, खेळू द्या; फक्त सामन्याआधी दुसरा पंप द्या.

पण सुवर्णा ऐकेना. मैदानावर चारचौघांत पंप ओढला तं लोकं काय म्हणतीन, पोरीचं लग्न कसं होईन, हेच तिचं. पंप तिने पिठाच्या डब्यामागे लपवलाय.

रागावू नकोस, जवळच ठेव.
कोकिळा

बुलढाणा,
९ डिसेंबर

चि. कोकिळेस, आशीर्वाद. चापट परत घेते, मीही तितकीच वेडी.

सुवर्णाला रागावू नकोस, ती घाबरलीय. तिला एवढंच विचार, की तू चष्मा लावतेस तो लपवतेस का? आणि पोरीला रात्री दम लागला, तर अंधारात पिठाचे डबे कोण हलवत बसणार? हे पत्र तिलाच वाचायला दे. मावससासूचा मान म्हणून तरी वाचेल.

तुम्हा सगळ्यांवर जीव जडलेली,
जयूताई

वरवट बकाल,
१४ जानेवारी २०२४

ती. ताईस, शि. सा. न. आणि तिळगूळ!

काल संग्रामपूरला सामना झाला. सुवर्णाने तुझं पत्र वाचलं. आणि मैदानावर आमच्याआधी तीच जाऊन बसली, मांडीवर ती फुगीर नळी! सामन्याआधी सगळ्यांसमोर पोरीला पंप दिला. एका बाईने विचारलं, हे काय? सुवर्णा ठणकावून म्हणाली की दमा आहे पोरीले, अन् हे तिचं औषध. ती बाई जरा जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, आमचंही पोरगं रात्री असंच खोकलते, कोणता डॉक्टर?

छकुली काय धावली गं! खांब वळताना तर वीजच. शिट्टी नाही, खोकला नाही. हरलो मात्र, एका गुणाने. पंचांनी तिला बाद दिलं, आणि तिचं म्हणणं की मी बाद नव्हतीच, त्या पंचाले चष्मा पाहिजे. संग्रामपूरहून निघाली ती घर येईपर्यंत एकटीच भांडत होती, एकही शब्द न गाळता, एका दमात. जीपमधल्या सगळ्यांचे कान किटले. सुवर्णा तिच्याकडे बघत होती, डोळे भरून. तिला एकदाही गप्प बस म्हणाली नाही.

संक्रांतीचं वाण पाठवते. त्याहून गोड अशी तुझी,
कोकिळा